चौकटीबाहेरची खुर्ची

कुमासी शहरातल्या एका मोठ्या चर्चने नवे कॅमेरे घेतले आणि जुने विकायला काढले, तेव्हा वावा टीव्हीचे मालक बोआडू साहेब सगळ्यांच्या आधी त्या दारात हजर झाले. देवाच्या घरचे कॅमेरे बातमीवाल्यांच्या कॅमेऱ्यांपेक्षा चांगले असतात, हे कुमासीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवाय ते रुंद चित्राचे होते. वावा टीव्हीचं चित्र अजून चौकोनी होतं. खानावळीतल्या मोठ्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत आणि गिऱ्हाइकं म्हणत, "हा कोण खिडकीतून डोकावतोय?" साहेबांना त्याची भारी लाज वाटे. आता सहाच्या बातम्या रुंद होणार म्हणून कचेरीत सगळे खूश झाले. एकट्या वोफा ओडुरोंचा चेहरा पडला.

वोफा म्हणजे मामा. ओडुरो सगळ्या कचेरीचे मामा होते आणि बाहेर निम्म्या शहराचे. बातम्या इंग्रजीत लिहून यायच्या आणि वोफा त्या बसल्या जागी ट्वी भाषेत सांगायचे. नुसत्या सांगायचे नाहीत, म्हणींची फोडणी देऊन, चिमटे काढत सांगायचे. गटाराचं काम पुढे ढकललं, एवढ्याशा कोरड्या ओळीचं ते असं काही करत की बाजारातल्या बाया टोमॅटोची रास रचता रचता थांबत. कागदावर काय लिहिलंय हे कुणीही वाचेल. ते ऐकावंसं वाटायला वोफाच लागत.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे धरले. आधी अक्षरं गेली, मग कागदच धुरकट झाला. तेव्हापासून बातम्या लिहिणारी दुफी त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसे आणि दबक्या आवाजात एकेक ओळ त्यांच्या कानात सोडे. वोफा ती उचलून, नटवून शहराला देत. कॅमेऱ्याची चौकट वोफांच्या खांद्यापाशी संपायची आणि तिच्याबाहेर दुफीची खुर्ची असायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही गोष्ट दुफीला आणि निर्मिती सांभाळणाऱ्या बिरागोला सोडून कुणालाच ठाऊक नाही, असं वोफा धरून चालले होते. आता चौकट रुंद होणार म्हणजे मूठ उघडणार, आणि डोळे गेलेल्या माणसाला बातम्यांच्या खुर्चीवर कोण ठेवतो?

ते मग रुंद चित्रात जमेल तिथे खोट काढू लागले. आणि खोट काढायला जागाही भरपूर होती. जुनी चौकोनी चित्रं नव्या पडद्यावर कशी बसवायची हे धड कुणाला येत नव्हतं, म्हणून पोरांनी ती सरळ दोन्ही बाजूंनी ताणली. बातम्यांनंतर अंत्यविधीच्या जाहिराती लागतात. त्यात गेलेल्या माणसांचे फोटो असे ताणले गेले की वाळकी म्हातारी माणसंही गालफुगी दिसू लागली. एका घरचे लोक दुसऱ्या दिवशी कचेरीत आले, तेव्हा बिरागो माफी मागायला पुढे झाली. पण ते आभार मानायला आले होते. आमची आई शेवटी काडी झाली होती, टीव्हीवर कशी भरलेली दिसली, म्हणाले. मग दुसऱ्यांनीही आपापले मृत रुंद करून मागितले.

वोफा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेलेल्यांना करा काय रुंद करायचं ते. जिवंत माणसाला त्याच्या मापात राहू द्या."

पैशांची तर सगळीच बोंब होती. वोफांच्या मागे शहराचं चित्र रंगवलेली एक फळी होती. नवी घेणं परवडेना म्हणून सुताराने तिला दोन्हीकडून प्लायवूडचे पंख जोडले. पंखांवरचं आभाळ मधल्या आभाळापेक्षा जरा हिरवट निघालं. डावा पंख नेमका दुफीच्या खुर्चीमागे आला.

चाचणीच्या दिवशी सकाळी वोफा नेहमीसारखे इस्त्रीचा सदरा घालून बसले. दुफीने ओळ सोडली, वोफांनी उचलली. दोन बातम्या झाल्या आणि काचेपलीकडे, जिथे सगळे पडद्यापाशी जमले होते, तिथली कुजबुज एकदम थांबली.

"काय दिसतंय?" वोफांनी विचारलं.

शेजारून दुफीच म्हणाली, "मी दिसतेय, वोफा. अर्धी."

चौकट आवळून पाहिली, तर वोफांचं कपाळ कापलं जाई. दुफीला लांब सरकवलं, तर तिला ओरडावं लागे आणि माईक ते ओरडणं इमानदारीने टिपे. मग बोआडू साहेबांनी वोफांच्या कानात एक जुनं यंत्र घालायला लावलं आणि दुफीला पलीकडच्या खोलीत बसवलं. पण दुफी वोफांचा श्वास बघून ओळ सोडायची. भिंतीआडून तिला श्वास कुठून दिसणार? एक ओळ दुसरीवर चढू लागली. त्यात यंत्राने कुठल्याशा टॅक्सीवाल्यांचं बोलणं पकडलं आणि वोफा ऐन अर्थसंकल्पात अडखळून म्हणाले, "दोन माणसं आणि एक बकरी?" सगळे हसले. वोफाही हसले, पण ते यंत्र त्यांनी कानातून काढून टेबलावर ठेवलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वोफांना बाजूला नेलं आणि सांगितलं की डोळ्यांचं सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे, अगदी झाडूवाल्या बाईलासुद्धा. कुणी बोललं नाही इतकंच. पण सोमवारी रुंद चित्राचं उद्घाटन आहे आणि शहराला हे असं दाखवता येणार नाही. तरुण निवेदक बघून ठेवला आहे. वोफांचा थाटात सत्कार करू. सत्कार ही जिवंत माणसाला खुर्चीवरून उठवायची सभ्य रीत असते, हे वोफा ओळखून होते. तसल्या कितीतरी सत्कारांच्या बातम्या त्यांनीच नटवल्या होत्या.

त्यांना दुःख झालं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. आपण ताकाला जाऊन भांडं लपवत होतो आणि सगळी कचेरी भांड्याकडे बघत होती.

दुपारी ते कचेरीमागच्या आंब्याखाली एकटेच बसले होते. बिरागो पानात बांधलेलं वाचे, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, घेऊन आली आणि एक वाटा त्यांच्या हातात ठेवून शेजारी बसली.

"वोफा, एक सांगू? दरबारात आपले राजे, नाना, स्वतः सगळ्या लोकांशी बोलतात का?"

"नाही. त्यांचा ओचियामे त्यांचं म्हणणं लोकांना सांगतो."

"आणि तो लपून बसतो?"

"कशाला लपेल? सोन्याचा मुलामा दिलेली काठी घेऊन शेजारी बसतो."

"मग नानांना कुणी मुकं म्हणतं का? दुफी तुमची ओचियामे. बसू दे की तिला उजळ माथ्याने तुमच्या शेजारी."

वोफा चिडले. सगळ्या शहरासमोर माझं आंधळेपण मांडून ठेवू का, म्हणाले. वाच्याचा एक घास खाल्ला, दुसरा हातातच राहिला. मग ते हळूहळू हसायला लागले.

"बिरागो, तू शाळेत जायचीस की नुसती डबा खायला जायचीस? नाना कसे बोलतात?"

"हळू. शेजारच्याला ऐकू जाईल इतकंच."

"आणि ओचियामे?"

"मोठ्याने. शब्द सजवून, म्हणी घालून."

"मग आता मला सांग, आमच्या दोघांत हळू कोण बोलतं?"

"दुफी," बिरागो म्हणाली.

"तीन वर्षं मी माझ्या नानाला अंधारात बसवलं," वोफा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "आणि स्वतः उजेडात बसून वाहवा घेतली."

बोआडू साहेबांना पटवायला बिरागोला फार कष्ट पडले नाहीत. रुंद चित्रात एकटा माणूस मैदानात सुटलेल्या बकरीसारखा दिसतो, हे त्यांनी चाचणीत पाहिलंच होतं, आणि जागा भरायला दुसरं काही घ्यायचं तर खर्च होता. दुफीचा खर्च नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून साहेब लगेच हो म्हणाले.

अडून बसली ती दुफी. ती म्हणाली, माझं काम लिहायचं आणि सांगायचं. तोंड दाखवायचं असतं तर मी आधीच नसतं का दाखवलं? वोफांनी तिला फार समजावलं नाही. सोमवारी ते चाचपडत स्टुडिओत आले, आपली खुर्ची मधून उचलून स्वतःच्या हाताने उजवीकडे सरकवली, दुफीची मधे आणून ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. ती बसेपर्यंत बसले नाहीत. म्हातारा माणूस उभा असताना आपण किती वेळ अडून राहायचं? दुफी बसली.

सहा वाजता रुंद चित्र सुरू झालं. शहराने पाहिलं: मधोमध एक अनोळखी बाई कागद धरून बसलेली, आणि बाजूला, हिरवट आभाळाखाली, ओळखीचे ओडुरो. खानावळींतून आवाज उठले की यांना बाजूला का केलं.

वोफांनी हात जोडले. "मंडळी, माझे डोळे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही ऐकलेला एकही शब्द मी वाचलेला नाही. तुम्हाला आवाज माझा ऐकू येत होता. सांगत होती ही."

दुफीने कागद वर उचलला. पहिली ओळ तिला सोडताच येईना. वोफा थांबले. रोज ती त्यांच्या श्वासासाठी थांबायची, आज ते तिच्यासाठी थांबले. सगळं कुमासी ती शांतता बघत राहिलं. मग दुफी वाकली आणि हळूच बोलली. वोफांनी मान हलवली, चेहरा कॅमेऱ्याच्या दिशेने वळवला आणि दरबारात ओचियामे म्हणतो तसं, खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐका हो, दुफी असं सांगते..."