एकदाच विचारलं

थोरल्या सुनेच्या हाताला कात्री अशी बसली होती की कापड जणू आपणहून वाट देई. लग्नाआधी ती बापाच्या दुकानात शिकली होती, आणि सासरी आल्यावर सगळ्या आळीचे कपडे बेतायची, तेही फुकट. बाजारगावच्या शिंपीमास्तरांनी शाळेच्या गणवेशांचं मोठं काम घेतलं, तेव्हा कटिंगच्या टेबलावर त्यांना तीच हवी होती. कटिंगवर ते कुणालाही उभं करत नसत. हात चुकला की अख्खा तागा वाया.

काही दिवस आधी निरोप पाठवून मग मास्तर स्वतः घरी विचारायला आले. थोरलीच्या नवऱ्याने नेहमीचं उत्तर दिलं, "बाबा म्हणतील तसं." हा गडी पायात चपलासुद्धा बाबांना विचारून घालत असेल.

या घरात सुनेला एक रीत पहिल्याच दिवशी शिकवली जाई. काहीही देऊ केलं की आधी "नको" म्हणायचं. चहा असो, नवी साडी असो, माहेरी जाणं असो. समोरच्याने पुन्हा म्हणायचं, मग आढेवेढे घेत घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारी हावरट. नव्या नवरीपणी थोरली एकदा चटकन हो म्हणाली होती, तर वर्षभर त्यावरून टोमणे खावे लागले. पुन्हा ती चूक तिने केली नाही.

सासऱ्यांनी तिला बाहेर बोलावलं. ती दाराशी येऊन उभी राहिली. आदल्या रात्री टेबलावर पसरलेलं कापड तिला स्वप्नातसुद्धा दिसलं होतं.

"मास्तर कामाला बोलावतायत. जायचंय का तुला? माझी ना नाही."

"नको बाबा," ती खाली बघत म्हणाली, "घरचं कोण बघणार?"

आणि ती थांबली. आता पुन्हा विचारतील, मग हळूच हो म्हणायचं.

सासरे खूश होऊन मास्तरांकडे वळले. "बघितलंत? आमची सून घर सोडून कुठं जायची नाही."

मास्तरांनी चहा संपवला आणि जाता जाता पलीकडच्या आळीतल्या, कटिंग येणाऱ्या दुसऱ्या एका मुलीचं घर विचारलं. ते सासऱ्यांनीच अगदी वळणासकट सांगितलं. बाहेरच्या माणसासमोर थोरलीने सासऱ्यांचा शब्द खोडायचा कसा?

आत सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "करंटे, नको काय म्हणालीस? किती दिवस ह्यांच्या मागे लागले होते मी, तुला जाऊ द्या म्हणून! जन्मात पहिल्यांदा ह्यांच्याशी भांडले, तुझ्यापायी."

"आई," थोरलीला हुंदका आवरेना, "त्यांनी परत विचारलंच नाही हो."

रीत सासूबाईंनीच शिकवली होती. त्यांनी थोरलीला जवळ ओढलं आणि तिच्या आधी त्याच रडू लागल्या.