मुद्दाम उसवलेली शिवण

शिवणकाम करणाऱ्या ताईच्या दुकानात तिचा धाकटा भाऊ कित्येक वर्षांनी उगवला, तेव्हा तिच्या मनात पहिली शंका आली ती जागेचीच. आईच्या पश्चात दुकानाची जागा दोघांच्या नावावर झाली होती आणि ताईचं पोट तेवढ्या दुकानावर चालायचं. आईच्या अंत्यविधीला न फिरकलेला माणूस आज पिशवी घेऊन दारात उभा राहतो, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय!

"पँट उसवलीये, ताई. शिवून देशील?"

"तुमच्याकडचे शिंपी काय संपावर गेलेत?"

तो स्टुलावर टेकला. ताई पिशवीवर डोळा ठेवून होती; आता कागद काढेल, मग सही मागेल. त्याने काढल्या नुसत्या गप्पा, त्याही शब्दांच्या. एका शब्दकोशाच्या कचेरीत तो शब्दांचे अर्थ लिहायचा.

"सध्या 'शल्य' लिहितोय. मूळ अर्थ बाणाचं टोक, अंगात मोडून राहिलेलं. वरून जखम भरते, आत ते सलत राहतं. म्हणून मनातल्या तसल्या दुःखालाही लोक शल्य म्हणायला लागले."

"हे सांगायला एवढ्या लांब आलास? मला काय दूधखुळी समजतोस?"

तिने पँट उलटी करून दिव्याखाली धरली. ओढ बसून उसवलं की धागे लांब-आखूड तुटतात. हे सगळे एकसारखे कापलेले होते. ताईचं डोकंच फिरलं.

"ब्लेड फिरवलंस ना रे, खोटारड्या? सरळ सांग, जागा हवीये ना?"

"जागा घाल चुलीत!" तो ओरडला. "नुसतं यायला तोंड कुठे होतं मला? तूच म्हणालीस, आई मेली तरी या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस."

"मी?"

आधी तिला काही आठवेना. मग आठवलं. आईच्या औषधांवरून भांडण झालं होतं आणि मशीनवरून मान वर न करता ती तसं बोलली होती. दुसऱ्या दिवशी विसरलीसुद्धा.

"अरे, रागात माणूस काहीही बोलतं! ते धरून बसलास?"

"आलो होतो मी. कोपऱ्यावर उभा होतो. आईला नेईपर्यंत."

ताईला रडूच फुटलं. इतकी वर्षं ती त्याला शिव्या घालत होती. बऱ्याच वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि पँटची घडी घालून मशीनशेजारी ठेवली.

"आज नाही व्हायची," ती म्हणाली. "उद्या ये. आणि उद्या नाही झाली, तर परवा ये."