साखरेची माती

निजामाच्या अमलातली गोष्ट. धावड्याच्या कडूबाने भोकरदनच्या बाजारात एका हलवायाला डोंगरातला कसलासा पाला चघळायला दिला आणि लगेच त्याच्याच परातीतली जिलबी खाऊ घातली. हलवायाने तोंड वाकडं केलं, माती झाली म्हणून अख्खी परात नाल्यात ओतली. त्या नाल्याचं पाणी पिऊन म्हशींनी सात दिवस गोड दूध दिलं. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारावं, पण त्या आता हयात नाहीत.

पाल्याची परीक्षा कडूबा अशीच करायचा. आधी स्वतः चघळायचा, मग जिभेवर गूळ ठेवायचा. गूळ मातीसारखा लागला की पाला पक्का. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याला तो द्यायचा. मात्र पाल्याचं नाव सांगायचा नाही, दिला हेही कबूल करायचा नाही. बोललं की गुण जातो, असं बापाने शपथ घालून बजावलं होतं.

मग मुंग्या त्याच्याच घरी आल्या. त्याची बायको बायनाबाई वाळत चालली, सारखं पाणी मागू लागली. पाल्याने मुंग्या कमी झाल्या, पण हटल्या नाहीत. पायाची जखम चिघळली तेव्हा त्याने तिला गाडीत घालून जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर लघवीत निळं औषध टाकून काचेची नळी तापवायचा. पहिल्या दिवशी नळी विटेसारखी लाल झाली. त्याने रोजची सुई सुरू केली आणि घरचं काही औषध चालू आहे का, असं दोनदा विचारलं.

"बिलकुल न्हाई जी," कडूबा म्हणाला. पाल्याची पुरचुंडी कनवटीलाच होती, आणि चोरून पाला रोज चालूच होता.

आठ दिवसांत नळी निळीच राहू लागली. डॉक्टर सुईची तारीफ करू लागला, ते कडूबाला लागलं. गुण कोणाचा, हे एकदा बराबर बघायचंच, म्हणून एका सकाळी सुई टोचून झाल्यावर त्याने दुप्पट पाला तिच्या हातावर ठेवला.

"मला बकरी समजून राह्यले का?" ती हसली. तरी सगळा चघळला. तोंड कडू झालं म्हणून भाकरी तेवढी बाजूला सारली.

थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला. हात कापू लागले, ती भलतंच बरळू लागली. डॉक्टर धावत आला. अंगातली साखर उतरली म्हणत त्याने चमचाभर साखर तिच्या तोंडात घातली.

तिने ती थुंकली. "अवं, माती कशाला घालता तोंडात?"

तो घालत होता, ती थुंकत होती. असं का होतंय, हे तिथे एकट्या कडूबाला ठाऊक होतं. माती लागली तरी गिळ, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं आणि गुण गेला तर? तिची दातखीळ बसली तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली.

"गिळ बायना, साखर हाय ती. म्या पाला देल्ता तुला. बेडकीचा पाला."

तिला ते ऐकू गेलं नाही. शिरेतून टोचायची साखर त्या दवाखान्यात नव्हती. डॉक्टरने दातांच्या फटीतून साखरेचं पाणी सोडून पाहिलं, ते ओठांच्या कडेने परत आलं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

डॉक्टर जवळ येऊन बसला. रागावला नाही. "बाबा, आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाला.

"तुमी इचारल्तं जी," कडूबा म्हणाला आणि खांद्यावरच्या उपरण्याने तिची हनुवटी पुसू लागला. साखर वाळून चिकट झाली होती. लवकर निघेना.