मधल्या शहरातली लेक

"सांगून ठेवतो, कोणाला पटणार नाही! त्या शहरात इमारती इतक्या उंच, की वरच्या मजल्यावर दुपारची जेवणं उरकतात तेव्हा कुठे तळमजल्यावर उजाडतं," असं म्हणून मास्तरांनी पायावर पाय टाकला.

थोरल्या मुलाकडून परतताना त्यांना वाटेत विमान बदलायचं होतं. पुढचं विमान संध्याकाळचं, त्यामुळे सगळा दिवस त्या परक्या शहरात मोकळा मिळाला. घरी पोचून बॅगाही उघडल्या नव्हत्या, तोच मेहुणा आणि शेजारीण ऐकायला येऊन बसले. मास्तरांनी जन्मभर कपडे शिवले, पण थापा त्याहून जास्त शिवल्या, असं त्यांची गिऱ्हाइकंच म्हणत.

"दाजी, एवढ्या गर्दीत चुकला नाहीत?" मेहुण्याने खोडी काढली.

"चुकतोय कसला! दुपारपर्यंत तिथला पोलीस मला रस्ता विचारायला लागला. आणि रस्ते इतके गुळगुळीत, की माझी सावली घसरून पडली. हात धरून उठवली तिला."

"लागलं नाही ना फार?" म्हणत शेजारीण खो खो हसली. मास्तरांची बायको हसली नाही. ती फक्त एका गोष्टीची वाट बघत होती.

त्याच शहरात त्यांची लेक राहत होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा मास्तर उंबऱ्यात आडवे उभे राहून म्हणाले होते, "आजपासून या घरात तुझं माप नाही." तेव्हापासून बापाने नाव काढलं नाही आणि लेकीने फोन केला नाही, तीही त्यांचीच. नात झाल्याचं लोकांकडून कळलं. बायकोने दहा जणांच्या हातापाया पडून पत्ता मिळवला होता.

शेवटी शेजारणीनेच विचारलं, "मास्तर, लेक भेटली की नाही?"

"भेटली म्हणजे? जिन्यातच गळ्यात पडली! म्हणाली, बाबा, किती वाळलात. मी म्हटलं, रडू नकोस बाई, शर्ट कालच इस्त्री केलाय."

गल्ली त्यांना खरंच सापडली होती. खाली चपला दुरुस्त करणारा, वर तारांचं जाळं, खिडक्याखिडक्यांतून बाहेर आलेल्या काठ्यांवर कपडे. समोरच्या पायरीवर बसून ते तिसऱ्या मजल्यावरचे इवलेसे कपडे बघत राहिले. हाक तिने मारावी, एवढीच त्यांची अट होती. बऱ्याच वेळाने लेक खिडकीत आली. कपडे काढता काढता तिने खाली, थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. ओळखलं नाही, की ओळखून लावली, हे विचारायला जिना चढावा लागला असता. मास्तर उठले आणि आल्या वाटेने परत गेले. बायकोने नातीसाठी दिलेलं पुडकं विमानतळावरच्या बाकावर राहिलं. विसरून नव्हे.

"आणि फ्रॉक?" बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बसला का पोरीला?"

"बसला म्हणजे? अंगावर ओतल्यासारखा! काढूच देईना. त्यातच गिरक्या घेत झोपली."

"बाह्या आखूड नाही झाल्या?"

"छे गं! अगदी मनगटाशी. तुझा हात कधी चुकलाय का?"

मेहुणा मान डोलावत होता. बायको मास्तरांकडे बघत राहिली.

"खोटं," ती म्हणाली. "मी बाह्या लावल्याच नव्हत्या. पोरीचं माप कोणाला माहीत होतं? कापून नुसत्या आत घडी करून ठेवल्या होत्या. सुईदोराही मुद्दाम दिला नाही. म्हटलं, लेकीकडे मागाल, तिच्या घरी बसून दोन टाके घालाल, तेवढ्यात काहीतरी बोलाल तिच्याशी. अहो, शिंपी ना तुम्ही? पुडकं उघडूनसुद्धा बघितलं नाहीत. तिच्या दारापर्यंत गेलाच नाहीत तुम्ही."