कल्लाप्पाची विचारपूस

"कसाऽऽ!"

"बरा आहे!" सूर्यकांतराव तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ओरडले.

खाली कल्लाप्पाने गाडीतून हात हलवला. हेब्बाळला लेकीकडे राहायला आल्यापासून हा रोजचा रिवाज. नागपुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये सगळी हयात गेली, तिथे अख्खा डेपो नावाने हाक मारायचा. इथे विचारपूस करणारा हा एकच. तोही घाईत, कारण पुढच्या बिल्डिंगीची ख्यालीखुशालीही त्यालाच विचारायची असायची. एवढा मायाळू माणूस महापालिकेने कचऱ्याच्या गाडीवर का ठेवला, हे त्यांना कळत नव्हतं.

मुग्धाच्या कंपनीचं कामही कचऱ्याचंच, पण अवकाशातल्या. जेवताना ते तिला त्याबद्दलच विचारत. दुसरा विषय निघाला की तो गॅसवर जायचा. गॅस दोनदा चालू राहिला होता, आणि दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं होतं.

"बंद पडलेला उपग्रह आणता कसा? टोचन लावून?"

"तसंच काहीसं, बाबा. पण जुन्यांना धरायला हूकच नसतो. कधी काढावा लागेल असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही. त्यात ते गरागरा फिरत असतात."

"अन् आणून ठेवता कुठी?"

"ठेवत नाही. खाली ओढला की वाटेत जळून जातो. फारच उंचावरचा असेल तर आणखी वर ढकलायचा. तिथे कुणाच्या आड येत नाही."

"तिथं जेवायला काय देतात?"

मुग्धाचा घास हातातच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच फोनवर बोलत होतीस, त्या वृद्धाश्रमवाल्यांशी. देवनहळ्ळीच्या पुढं. लय शांत आहे म्हणते."

"बाबा, मी दिवसभर ऑफिसात. तुम्हाला काही झालं तर इथे विचारणारं कोण आहे?"

"कल्लाप्पा. रोज सकाळी विचारते. कसा, म्हणून."

मुग्धाने हातातला घास परत ताटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाबा, कन्नडमध्ये 'कस' म्हणजे कचरा. तो कचरा मागतो."

सूर्यकांतरावांनी वरणात पोळी बुडवली. तिचा पार लगदा होईपर्यंत बाहेर काढलीच नाही.

"तरीच," ते म्हणाले. "उत्तर ऐकायला कधी थांबत नव्हता."

निघायच्या दिवशी ते पिशवी घेऊन फाटकाशी उभे होते. मुग्धा रस्त्यापलीकडे टॅक्सीवाल्याला पत्ता समजावत होती. तेवढ्यात गाडी आली.

"कसाऽऽ!"

सूर्यकांतराव फाटकाबाहेर आले.

"आहे," ते म्हणाले.

कल्लाप्पाने सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला. सूर्यकांतरावांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि त्याच्या हातात आपला हात दिला.