पाठीखालचे पाटे

आश्विनातल्या उन्हात तापलेल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास आला, की मला प्रमिलाताई दिसते: मोतिया रंगाची सुती साडी, कानशिलाला घामाने चिकटलेली एक चंदेरी बट, आणि सगळा देह कानांत गोळा व्हावा तशी तिची ती स्तब्ध मान. माझी ही थोरली बहीण आष्टीच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि जन्माची भित्री होती. वीज चमकली की डोळे मिटणारी, विहिरीत डोकावताना दुसऱ्याचा हात धरणारी. पण भाऊजी संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडले, कमरेचा मणका चिरडला, आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ‘मोठा दणका बसू देऊ नका, पाय जातील’ असं बजावलं, तेव्हा तिने दुसऱ्या कुणाच्या हाती स्टीअरिंग द्यायचं नाही असं ठरवलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती गाडी शिकली. भाऊजींना मागच्या सीटवर आडवं निजवून दर थोड्या महिन्यांनी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं, हे तिचं व्रतच झालं.

नव्वदच्या दशकातली शेवटशेवटची वर्षं होती ती. गाडी दुधी रंगाची, पार म्हातारी झालेली. त्या वर्षी पावसाने रस्ते उखडले आणि गाडीच्या पोटातून एक आवाज येऊ लागला. सुक्या फांदीवर पाय पडावा तसा, बारीक, पण प्रत्येक खड्ड्यागणिक. दसऱ्याच्या सुट्टीला मी तिच्याकडे गेले होते. त्याच दिवसांत भाऊजींच्या उजव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली. लवकर सेवाग्राम गाठायला हवं होतं, आणि एसटीचे किंवा भाड्याच्या जीपचे दणके त्यांना झेपणारे नव्हते.

आम्ही दोघी गाडी कारंज्याला घेऊन गेलो. तिथे हमरस्त्यावर ढाब्यांच्या ओळीत गुलाबभाऊंचं गॅरेज होतं. ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले ते गंभीर चेहऱ्यानेच. मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणारे ते लोखंडी पाटे. त्यांतल्या मुख्य पाट्याला तडा गेला होता.

“तुटला असता तं चाक तिरपं झालं असतं, ताई. नशीब समजा.”

ताई तिथल्या लाकडी बाकावर बसली. तिच्या ओठांचा रंग हळूहळू उतरत गेलेला मला दिसत होता. याच तड्यावर ती मागच्या वेळी भाऊजींना घेऊन गेली होती.

गुलाबभाऊंकडे जाड पाट्यांचा एक जोड तयार होता. “हा आजच टाकून देतो. वरून एक पाटा जास्तीचा. मंग गाडीकडे पाहाचं कामच नाई.”

“आन् आतल्या मानसाले?” ताई म्हणाली.

“दणका तं बसनच थोडा. टिकाऊ म्हनजे कडकच राहीन न!”

“दुसरं काई?”

“नागपूरवरून गाडीच्या मूळच्या वजनाचे, पातळ पाटे मागवतो. सोबत रबरी बुश, दणका झेलाले नवे शॉकप. मऊ राहते, पन लवकर बदलाव लागते. आन् याले आठवडा तरी लागन.”

एकीकडे आज, दुसरीकडे आठवडा. आणि मध्ये एका माणसाची बधिर होत चाललेली बोटं.  ताईने विचारलं, “असे कडक पाटे टाकलेली याच जातीची गाडी हाये काय कोनाची?”

होती. शेजारच्या ढाबेवाल्यांची, गॅरेजच्या दारातच. ताई तिच्या मागच्या सीटवर आडवी झाली, भाऊजी जसे निजायचे तशीच, पाय मुडपून, पाठ सीटला टेकवून. गुलाबभाऊंनी गाडी शिवाराच्या फुटक्या रस्त्यावर घातली. मी पुढे बसले होते. पहिल्याच खड्ड्याला तिच्या तोंडून निघालेला आवाज मी ऐकला, आणि मागे वळून पाहायचं धाडस मला झालं नाही. परत आल्यावर ती दार धरून उभी राहिली.

“नाई जमत. यानं गाडी टिकन, पन मानूस टिकाचा नाई. तुमी नागपूरचेच मागवा.”

तो आठवडा मी विसरू शकत नाही. संध्याकाळी दिवा लावला की ताई भाऊजींच्या तळपायावरून बोट ओढायची. “समजते काय?” ते हसून म्हणायचे, “समजून राह्यलं.” पण उत्तर यायला क्षणभर उशीर व्हायचा, आणि त्या क्षणभरात तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा. निवड चुकली असेल तर? ही वाट पाहणंच त्यांचे पाय घेऊन गेलं तर?  जेवणं झाली की ती पुन्हा त्यांच्या पायाशी येऊन बसायची.

पाटे आले, बसवले गेले. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच आम्ही निघालो. आर्वीच्या अलीकडे एका वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रक अंगावर आला. ताईने गाडी डावीकडे घेतली, चाकं डांबरावरून खाली घसरली आणि पावसाने खोल खणलेल्या चरात मागची बाजू गेली.  गाडी खाली बसली, खोल, फार खोल. आणि मग, कुणी झोपलेलं मूल उचलून खांद्यावर घ्यावं तशी, सावकाश वर आली.

ताईने गाडी थांबवली. धूळ खाली बसत होती. तिची बोटं स्टीअरिंगवर पांढरी पडली होती आणि आरशात पाहायची हिंमत तिला होत नव्हती.

“बोला न काईतरी,” ती पुढेच पाहत म्हणाली.

मागून झोपाळू आवाज आला, “काऊन थांबवली वं? आलं काय सेवाग्राम?”

तेव्हा ती रडली. स्टीअरिंगवर डोकं टेकवून, आवाज न करता.

डॉक्टरांनी भाऊजींना ठेवून घेतलं. नसेवरचा दाब वेळेत कळला होता. पुढे कित्येक वर्षं ते काठी घेऊन बागेत हिंडले, झाडांशी हुज्जत घालत. ताईने ते मऊ पाटे झिजले की बदलले, पुन्हा झिजले की पुन्हा. भाऊजी गेले ते झोपेत, हृदयाने. पाठीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर एकदा आम्ही दोघीच वर्ध्याहून परतत होतो. रस्ता नवा, गुळगुळीत झालेला. तरी एका पुलाच्या सांध्यापाशी ताईने गाडी जवळजवळ थांबवली आणि मागची चाकं उतरेपर्यंत श्वास रोखून धरला. मागच्या सीटवर भाजीची पिशवी होती फक्त.  काळ माणसाला नेतो, त्याचा आवाज, त्याचा वासही हळूहळू नेतो. पण ज्याला दुखू नये म्हणून आपण इतकी वर्षं जपून चाललो, त्याच्याएवढी एक जागा आपल्या देहात तशीच राहते, आणि ती रिकामी आहे हे ठाऊक असूनही आपण तिला धक्का लागू देत नाही.