जीपची खोली

घरी कमोड आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हिंदुरावनं नाही म्हणून सांगितलं.

सारजा शेजारीच उभी होती. एका हातात सासूच्या एक्स-रेचा लखोटा, दुसऱ्यात जेवणाच्या डब्याची पिशवी. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो डॉक्टरांकडं पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

मग कमोडची खुर्ची घ्या, डॉक्टर म्हणाले. आजींना दोन महिने खाली बसू द्यायचं नाही. उंबरे नकोत, जमीन सपाट हवी, वॉकर धरून रोज थोडं थोडं चालवायचं. हिंदुराव मान डोलावत राहिला. बारामतीच्या त्या दवाखान्यात मागं पंधरावीस माणसं नंबर लावून बसली होती. त्यांच्यासमोर नवऱ्याला खोटं पाडणं सारजाला जमलं नाही. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचाच तिला पुढं सगळ्यात जास्त राग येत राहिला.

कमोड होता. पांढराशुभ्र, झाकणाचा, शेजारी पाण्याची तोटी, समोर आरसा. गेली चार वर्षं तो सारजाच घासत होती. फक्त तो घरात नव्हता, जीपच्या शेडमध्ये होता.

डाळजला हायवेपासून आत दीड किलोमीटरवर त्यांची वस्ती. आठ एकर ऊस, दोन म्हशी, पत्र्याचं तीन खोल्यांचं घर, आणि त्या घरासमोर घरापेक्षा उंच अशी ती शेड. तिला स्लॅब होता, लोखंडी शटर होतं. घरात शहाबादी फरशी कुठं वर कुठं खाली. शेडमध्ये मात्र सांडलेलं तेल पुसलं की डाग राहू नये अशी गुळगुळीत फरशी. गाडी आत घ्यायला उतार केला होता. भिंतीवर नट आवळायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले. आणि मधोमध ती जीप, हिंदुरावच्या जन्माच्याही आधीची, गर्द हिरवी. एका सरकारी खात्याच्या लिलावातून त्यानं ती गंजलेल्या सांगाड्यासारखी उचलून आणली होती आणि सात वर्षं खपून उभी केली होती.

हिंदुराव वाईट माणूस नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उगारला नाही. सारजा नशीबवान आहे असंच भावकीतल्या बायका म्हणत. त्याला एवढा एकच नाद. जुन्या जीप बाळगणाऱ्या पुण्याकडच्या लोकांशी त्याची ओळख झाली होती. ते सोलापूरकडं निघाले की वाट वाकडी करून डाळजला येत, भिगवणचे मासे आणि भाकरी खात, जीपभोवती उभे राहून फोटो काढत. त्यांच्याबरोबर बायका असत. त्यांना गोठ्यामागच्या संडासात कसं पाठवायचं, म्हणून शेडच्या कोपऱ्यात छोटी खोली काढून कमोड बसवला. पाहुणे गेले की सारजानं तो धुवायचा आणि हिंदुरावनं शटरला कुलूप लावून किल्ली खिशात टाकायची.

घरच्यांसाठी गोठ्यामागचाच संडास होता. तिथं जायचं तर अंगणातून, मग म्हशींच्या मुताचा चिखल ओलांडून. सासू फुलाबाई पंच्याहत्तरीची. त्याच चिखलात ती पडली आणि तिचा खुबा मोडला.

पडली तेव्हा दुपार होती. हिंदुराव शेडमध्ये इंजिन चालू करून ऐकत बसला होता. चारातला एक प्लग नीट काम करत नाही, हे त्याला नुसत्या आवाजावरनं कळलं होतं. चाळीस पावलांवर आई ओरडत होती, ते कळलं नव्हतं. सारजा उसातून आली तेव्हा म्हातारीचं ओरडणं संपलं होतं. ती चिखलात कुशीवर पडून नुसती कण्हत होती, आणि एक म्हैस मान लांबवून तिच्याकडं बघत होती.

इंजिन चालू होतं, ऐकू कसं येणार, असं हिंदुराव नंतर सगळ्यांना सांगत होता. आणि लोकांनाही ते पटत होतं.

ऑपरेशन होऊन दवाखान्यातून आणल्यावर म्हातारीची खाट सोप्यात टाकली. कमोडची खुर्चीही तिथंच, खाटेच्या उशाशी, खाली बादली. सोप्याला दार होतं ते थेट अंगणात उघडणारं आणि दिवसभर उघडं असणारं. ते लावलं तर आत पत्र्याची धग कोंडायची. सारजानं जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. वाऱ्यानं तो उडायचा.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की सासू पाणी पीत नाही. तांब्या भरून ठेवला तसाच असायचा. चहाही दोन घोट घेऊन बाकीचा ती खिडकीतून बाहेर ओतायची. ओठ सुकले होते, लघवीला आग होत होती. सारजा रागावली तेव्हा ती एवढंच म्हणाली की पाणी प्यालं की बसावं लागतं.

त्या दिवशी सारजानं पहिल्यांदा किल्ली मागितली. हिंदुराव म्हणाला, तिथं पेट्रोलचा वास येतो, म्हातारीला सोसायचा नाही. दोन दिवसांनी तिनं परत मागितली. तेव्हा तो म्हणाला, गाडी ठेवायची कुठं? बाहेर उन्हात रंग जाईल. शनिवारी तिसऱ्यांदा मागितली. रविवारी पुण्याची माणसं येणार आहेत, तेवढा रविवार होऊ दे, मग बघू, असं त्यानं सांगितलं, आणि माशांसाठी भिगवणला निघून गेला.

रविवारी पाच जीपा आल्या. सारजानं सकाळपासून चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या. पाहुण्यांच्या खुर्च्या अंगणात, सोप्याच्या दारापासून दहा पावलांवर मांडल्या होत्या. त्यांतली एक बाई शेडमधून हात पुसत आली आणि सारजाला म्हणाली, किती स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही, आमच्या घरीसुद्धा एवढं नसतं. बाई मनापासून बोलत होती. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं.

सारजा ताट घेऊन सोप्यात गेली. फुलाबाई खाटेच्या कडेला भिंतीकडं तोंड करून बसली होती. लुगडं ओलं, गोधडी ओली, खाली फरशीवर ओघळ आलेला.

"बाहेर मानसं व्हती," ती म्हणाली. "म्हनून खुर्चीवर बसले न्हाय."

सारजानं ताट खाली ठेवलं. सासूचं अंग पुसलं, लुगडं बदललं, गोधडी गुंडाळून मागच्या दारानं बाहेर टाकली. म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते, लहान पोरासारखे घट्ट. बाहेरून हिंदुरावची हाक आली, भाकरी आण.

सारजानं भाकरी नेली. वाढली. पाहुणे जाईपर्यंत उभी राहिली, आणि ते गेल्यावर दर वेळेसारखा कमोड धुतला.

सोमवारी सकाळी हिंदुरावनं जीपचा कार्बोरेटर काढून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तो दुरुस्त करून आणायला एसटीनं पुण्याला गेला. शटरला कुलूप होतं. सारजानं भांडी घासली, म्हशींना वैरण टाकली. मग गोठ्यातली पहार घेतली आणि कुलूप तोडलं. तीन घावांत तुटलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं होतं ते.

ट्रॅक्टर तिला चालवता येत होता. ज्या सात वर्षांत नवरा जीप जोडत होता, त्या वर्षांत शेतात कुणीतरी ट्रॅक्टर चालवायला लागणारच होतं. पण जीप ओढून काढायची कशी हे तिला माहीत नव्हतं आणि गाडी मोडायची नव्हती. तिचा राग गाडीवर नव्हता. तिनं भिगवणच्या दस्तगीर मिस्त्रीला फोन केला. जीपचं इंजिन त्यानंच दोनदा खोललं होतं.

दस्तगीर अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला. तुटलेलं कुलूप बघून दारातच थांबला.

"वैनी, हिंदुराव येऊ द्यात की. मग काढू."

"ते आल्यावर निघनार न्हाय."

"मला बोलतील ओ. इतक्या वर्षांचा दोस्ताना हाय."

"मग तुमी जावा. मी साखळी लावून वढते. मोडली तर मोडली."

दस्तगीरनं सोप्याकडं पाहिलं. पडदा उडत होता. आतली खुर्ची, बादली, खाटेवरची म्हातारी, सगळं अंगणातून दिसत होतं. फुलाबाईनं त्याला ओळखलं आणि पडल्या पडल्याच विचारलं, तुझी आई बरी हाय का? बरी आहे, असं तो म्हणाला. मग शेडमध्ये जाऊन त्यानं चाकांखालचे ठोकळे काढले, हँडब्रेक सोडला.

"बंपरला लावू नका," तो म्हणाला. "चेसीला लावू."

सारजानं ट्रॅक्टर चालवला आणि जीप अंगणातल्या लिंबाखाली गेली. दस्तगीरनंच तिच्यावर ताडपत्री टाकून कोपरे बांधले. मग दोघांनी फुलाबाईला खुर्चीत बसवलं, तिची खाट शेडमध्ये नेऊन टाकली आणि खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून अंगणापार आणली. वाटेत म्हातारी म्हणत राहिली, त्याला इचारा, त्याची जागा हाय ती.

शेडमध्ये वॉकर पुढं ठेवला. फुलाबाई उभी राहिली. गुळगुळीत फरशीवर वॉकर सरकत गेला, अडला नाही. चार पावलं, मग थांबून आणखी तीन. कमोडच्या दारापाशी तिनं मागं पाहिलं आणि सारजाला बाहेरच थांबायला सांगितलं. आत्याबाई, कडी लावू नका, पडाल, असं सारजा म्हणत होती तेवढ्यात आतून कडी लागली.

बराच वेळ झाला. पाण्याचा आवाज आला. दस्तगीर केव्हाच बाहेर जाऊन मोटारसायकलपाशी उभा राहिला होता. म्हातारी बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि पदर डोक्यावरून नीट घेतला होता. खाटेवर टेकली आणि तिनं प्यायला पाणी मागितलं.

हिंदुराव पाचला आला. बगलेत कार्बोरेटर. लिंबाखालची ताडपत्री त्याला फाटकातूनच दिसली. तो धावत गेला, ताडपत्री वर करून वाकला आणि मडगार्डवरनं बोटं फिरवत एक एक बाजू बघायला लागला. सारजा शेडच्या उतारावर उभी राहून बघत होती. आई कुठं आहे, हे त्यानं विचारायची ती वाट बघत होती. तो चौथ्या बाजूला गेला.

"एक वरखडा न्हाय," ती म्हणाली. "दस्तगीरभाईंनी बघून काढलीय. आता तुमच्या आयला कुठं कुठं लागलंय ते पन असंच वाकून बघा."

"कुलूप तोडलंस तू."

"व्हय."

"मी न्हाय म्हनलो व्हतो का? रविवार हू दे म्हनलो व्हतो."

"रविवारी ती कपड्यात मुतली. तुमची मानसं समोर बसली व्हती म्हनून. मी तिचं बदलत हुते तवा तुमी भाकरी मागत हुता."

हिंदुरावनं कार्बोरेटर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हे मला कुणी सांगितलं नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"तुमाला प्लगचं कोन सांगतं?" सारजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टरला न्हाय म्हनून सांगितलंत. मी तितंच उभी हुते. माझी चूक झाली. तवाच बोलायला पायजे हुतं."

हिंदुराव काही बोलणार तेवढ्यात आतून फुलाबाईचा आवाज आला. आयुष्यभर तिनं लेकाची बाजू घेतली होती. सकाळीसुद्धा घेतली होती.

"तिला बोलू नगं हिंदू," ती म्हणाली. "मी आता हितनं उठनार न्हाय."

तो दारात गेला आणि थांबला. जिथं जीप असायची तिथं खाट होती. पलीकडच्या दोरीवर लुगडं वाळत होतं.

तेवढ्यात शेतातली मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. लाइट आली होती; उसाला पाणी द्यायचं होतं. रोज हे काम कोण करतं हे दोघांनाही माहीत होतं. सारजानं भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं.

"ती हाक मारंल," ती म्हणाली. "मारली की धरून न्या. कडी लावती, लावू द्या. भायेर उभं ऱ्हावा."

आणि ती निघून गेली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. पाहिलं तर आपण परत जाऊ, हे तिला माहीत होतं.

तिनं दोन सऱ्या भिजवल्या. तिसरीत पाणी वळवायला बारं फोडताना वर पाहिलं तर उसाच्या दोन ताटांमधून शेड दिसत होती. शटर वर होतं. आत हिंदुराव आईच्या पुढं उलट्या पावलांनी चालत होता. दोन्ही हात त्यानं पुढं धरले होते, वॉकरला न लावता, नुसते. म्हातारी एक पाऊल टाकी, मग तो एक पाऊल मागं सरके.

सारजाचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणार नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. पाणी सरीबाहेर निसटायला लागलं होतं. तिनं खोऱ्यानं मातीचं ढेकूळ ओढून त्याला आडवं लावलं, पायानं दाबलं, आणि ती पुढच्या सरीकडं गेली.